प्रयोग मुलांच्या हाती द्या

लातूर जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात तीन गोष्टींमुळे सर्वतोमुखी झाले. परीक्षेतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आणावे लागलेले पिण्याचे पाणी, या त्या तीन गोष्टी होत. तिन्हींचा विज्ञानाशी निकटचा संबंध आहे. परंतु शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातील एखाद्या खेड्यात सातवीत शिकणाऱ्या मुलाच्या विज्ञानाच्या तासावर यांपैकी पहिल्या गोष्टीचीच काय ती छाया पडते. गुण किती मिळाले, हे त्याला विचारले जाते. भिंत का कोसळली आणि विहीर का आटली, हे विचारायला त्याला सहसा कोणी शिकवीत नाही.

अशा परिस्थितीत नोकरी-व्यवसायात असलेल्या अभियंत्यांनी आपण होऊन शाळांत यावे, मुलांच्या हातांत साहित्य द्यावे आणि त्यांच्याकडूनच प्रयोग करवून घ्यावेत, ही कल्पना ठिकठिकाणी मूळ धरू लागली आहे. आमच्या काही मित्रांना हा कंपन्यांचा दानधर्म वाटतो. दुसऱ्या काहींना तो शिक्षणाच्या सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय वाटतो. दोन्ही मते एकांगी आहेत. अभियंत्याचे शाळेत स्वागतच झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो निघून गेल्यानंतर शाळेत काय उरते, या एकाच कसोटीवर त्याच्या कामाची पारख व्हावयास हवी. उरते ते केवळ छायाचित्र असेल तर तो समारंभ होय. मुलाच्या हातात कसब आणि शिक्षकाच्या मनात आत्मविश्वास उरत असेल तर ते शिक्षण होय.

एका अभियंत्याची रजा

ही कसोटी आम्ही हवेतून आणलेली नाही. या क्षेत्रातील जुन्या व सकस अनुभवातूनच ती निघते, आणि त्या अनुभवाचा एक धागा पुण्याच्या मोटार कारखान्यातून निघालेला आहे.

आयआयटी कानपूरमधून १९७५ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अरविंद गुप्ता हे पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात मालमोटारींच्या उत्पादनात काम करीत होते. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. डॉ. अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १९७२ साली तेथील १६ सरकारी माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी आणि विद्यार्थी शेतकरी-मजुरांची मुले, हे त्याचे वैशिष्ट्य होते. निवडक हुशार मुलांसाठी वेगळी शाळा काढून तेथे चमत्कार करून दाखविण्याचा मोह त्या मंडळींनी टाळला होता.

तेथील आठवडी बाजारात हिंडताना गुप्ता यांना खेळाचे साहित्य सापडले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या. ट्यूबच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या दाबाने कलतो. त्याच चौकोनात एक तिरपी काडी बसविली की तो ताठ उभा राहतो. विजेच्या मनोऱ्यांत, रेल्वेच्या पुलांत आणि गोठ्यावरच्या पत्र्याच्या कैचीत तिरप्या पट्ट्या का असतात, हे मुलाला त्या क्षणी कळते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर त्याच्या बोटांना ते जाणवले म्हणून. या साहित्याला काही आण्यांपलीकडे खर्च नव्हता. ते मोडले तर कोणाला जाब द्यावा लागत नव्हता.

पुढे गुप्ता यांनी हेच आपले जीवनकार्य मानले. पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने व पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तेथे त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविली आणि त्यांच्या फिती मराठीसह अनेक भाषांत मुक्तपणे उपलब्ध करून दिल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु पद्मश्रीपेक्षा १९७८ ची ती रजा आमच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. यंत्रे जाणणारा माणूस खेड्यातील शाळेत शिकवायला गेला आणि त्याने शहरातले महागडे उपकरण तेथे न्यायचे टाळले. तेथल्या बाजारात जे मिळते त्यातच त्याने विज्ञान शोधले.

पाबळचा धडा

दुसरा अनुभव आपल्याच राज्यातला, शिरूर तालुक्यातलाच. मात्र हा शिरूर पुणे जिल्ह्यातला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९८३ साली पाबळ या अवर्षणग्रस्त गावात ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. शाळेने नापास म्हणून बाहेर काढलेली मुले त्यांनी जवळ केली. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन, रक्तातील हिमोग्लोबिन तपासणे, अशी गावाच्या उपयोगाची कामे करता करता त्या मुलांना गणित आणि विज्ञान उमगत गेले. पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने हा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत गेला व राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यताही दिली. आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाचा, आणि शिकविणारे निदेशक बहुधा त्याच परिसरातले कारागीर!

या शेवटच्या गोष्टीवर कार्यकर्त्यांनी विशेष विचार करावा. आपल्या समाजात हाताने काम करणाऱ्याला ज्ञान नाही आणि ज्ञान असणाऱ्याला हाताने काम करण्याची लाज, अशी विभागणी शतकानुशतके चालत आली. जातिव्यवस्थेने तिला धर्माचे अधिष्ठान दिले आणि आधुनिक शाळेने ती फळा-खडूच्या रूपाने पुढे चालविली. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे व उपयुक्त कलांचे ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण मात्र ‘कार्यानुभव’ या नावाखाली कागदाची फुले करविली आणि गुण देऊन मोकळे झालो. लोहाराचा मुलगा भात्याजवळ बसून उष्णतेविषयी जे जाणतो, ते वर्गात आल्यावर त्याला विसरावे लागते. कारण पुस्तकातील भाषेत ते त्याला सांगता येत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या कामातून हीच गोष्ट पुढे आली. मुलांची बुद्धी कमी पडत नाही. पुस्तकाची भाषा व संधीचा अभाव त्यांना मागे ठेवतो. शाळेत येणाऱ्या अभियंत्याने हे आधीच ध्यानात घेतले पाहिजे. त्याची कारखान्यातली इंग्रजीमिश्रित बोली मुलांपर्यंत पोहोचणार नाही. ज्या मराठीत मूल घरी भांडते आणि हट्ट करते, त्याच मराठीत त्याने प्रश्न विचारला पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याचा संयमही बाळगला पाहिजे.

दान की हक्क?

आता आक्षेपांकडे वळू. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी, अशी तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात झाली. तेव्हापासून कंपन्यांचे बिल्ले लावलेले स्वयंसेवक शाळांत अधिक दिसू लागले. एक दिवस येतात, पेट्या वाटतात, मुलांना टोप्या घालून रांगेत उभे करतात आणि निघून जातात. पेटीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. काही फुटले तर भरून कोण देणार, या धास्तीने ती कपाटात बंद होते. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि विज्ञान पुन्हा फळ्यावर! हा आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकता येणार नाही.

त्याहून गंभीर गोष्ट शासनाच्या धोरणाची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक योजना काढली व मोठी देणगी देणाऱ्याचे नाव ठरावीक काळापुरते सरकारी शाळेला देण्याची मुभा ठेवली. त्याच सुमारास कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागविले गेले. एका हाताने वाडी-तांड्यावरची शाळा दूर न्यायची आणि दुसऱ्या हाताने उरलेली देणगीदाराच्या दारी उभी करायची, अशी ही नीती आहे. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. जे आहेत त्यांच्यामागे माहिती भरणे, पोषण आहाराचे हिशेब आणि निवडणुकीची कामे आहेत. असल्या शाळेत महिन्यातून एकदा येणारा अभियंता रिकाम्या खुर्चीवर बसविण्यात आला, तर तो नकळत शासनाच्या बेजबाबदारीवर पांघरूण घालील.

याचा अर्थ अभियंत्याला दाराबाहेर ठेवावे असा मुळीच नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू आहे. त्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि धांडोळा यांच्या मार्गाने शिकण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत केलेली आहे. म्हणजे ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला हाताने प्रयोग करावयास मिळणे ही मेहेरबानी राहिलेली नाही. ती कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरविले. ज्या मुलाने आयुष्यात एकदाही परीक्षानळी हातात धरली नाही, त्याच्याकडून हे कर्तव्य कोणत्या तोंडाने मागायचे? तेव्हा अभियंत्याचा तास हा मागणीचा पुरावा झाला पाहिजे. त्याच्या निमित्ताने पालकांनी पाहावे की आपले मूल काय करू शकते, आणि मग ग्रामसभेत उठून विचारावे की हे रोज का होत नाही.

साधनांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. २०१६ पासून केंद्र सरकारने ‘अटल टिंकरिंग’ प्रयोगशाळांसाठी शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. त्रिमिती छपाईची यंत्रे, संवेदक, यंत्रमानवाचे सुटे भाग अशी सामग्री त्यातून येते. ही सोय सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. चौथीपर्यंतच्या वस्तीशाळेचा त्यात विचार नाही. निवडलेल्या शाळेला यंत्रमानव आणि उरलेल्यांना काडेपेटीही नाही, ही विषमता विज्ञानाच्या नावाने आपण स्वीकारता कामा नये. आम्ही यंत्राच्या विरुद्ध नाही. मात्र आधी प्रत्येक शाळेत साधा तराजू, भिंग, चुंबक, तारा, घंटेल व मोजपात्रे असावीत आणि ती फुटण्याची मुभा असावी, हा क्रम न्याय्य होय.

होशंगाबादचा शेवट

होशंगाबादचा कार्यक्रम १९७८ साली संपूर्ण जिल्ह्यात गेला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत नेला. दरवर्षी शिक्षकांची शिबिरे होत, महिन्याला बैठका होत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मोकळीक असे, कारण परीक्षा स्मरणाची नव्हती. मुले ‘सवालीराम’ या नावाने प्रश्नांची पत्रे पाठवीत व त्यांना उत्तरे मिळत. असा हा तीस वर्षांचा वृक्ष २००२ साली मध्य प्रदेश शासनाच्या एका निर्णयाने तोडला गेला.

देशभरातील अनेक वैज्ञानिक व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, तरी तो निर्णय फिरला नाही. कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, पद्धती कितीही उत्तम असली, तरी पालकांच्या व पंचायतीच्या मनात तिच्याविषयी हक्काची भावना नसेल तर एक आदेश तिला पुरेसा होतो. पोषण आहार बंद करण्याचे धाडस आज कोणतेही सरकार सहजासहजी करणार नाही. कारण तो मुलाचा घास आहे, हे प्रत्येक आईला समजते. प्रयोग हाही मुलाचा घासच आहे, हे समजावून देण्याचे काम अभियंत्याचे नव्हे. ते आपले आहे.

शिरूर अनंतपाळमध्ये काय करता येईल?

म्हणून प्रयोगांची निवड गावच्या जगण्यातून व्हावयास हवी. एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०२० च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा शेकडो तक्रारी मराठवाड्यातून आल्या. पेरणीपूर्वी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, ते ओलसर ठेवावेत व काही दिवसांनी किती उगवले ते मोजावे. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ही परीक्षा कृषी विभागच सांगतो. ती पाचवीतले मूल करू शकते. मे-जून महिन्यांत शाळेच्या मुलांनी गावातल्या प्रत्येक घरच्या बियाण्याची अशी तपासणी केली, तर त्यांना टक्केवारी, नमुना व पुनरावृत्ती यांचा अर्थ कळेल आणि बापाला दुबार पेरणीच्या कर्जातून वाचविता येईल. विज्ञान घरात येते ते असे.

भूकंपाचा धडाही असाच शिकविता येतो. किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली ती मुख्यतः घराखाली सापडून. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर माळवदाचे प्रचंड ओझे. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे लांब दगड नसल्यामुळे हादरा बसताच थर सुटले. परातीत खडे व चिखल घेऊन दोन छोट्या भिंती रचाव्यात. एकीत आरपार लांब खडे घालावेत व वरून काड्यांची पट्टी फिरवावी, दुसरीत काही घालू नये, आणि परात हलवावी. ज्या जिल्ह्याने एवढे दुःख सोसले, तेथील प्रत्येक मुलाने हा प्रयोग एकदा केलाच पाहिजे. पाण्याच्या बाबतीत तर साध्या बाटलीचे पर्जन्यमापक आणि दोरी-वजनाने विहिरीची पातळी मोजणे पुरेसे आहे. दोन वर्षांची अशी वही ज्या शाळेकडे असेल, तिला टँकरच्या आकड्यांविषयी प्रश्न विचारता येईल. आणि ज्या मुलाने स्वतः तराजू बनवून त्याची दांडी समतोल केली, त्याला आडतीवरच्या मापात पाप करून फसविणे सोपे राहणार नाही.

हे शिकविणारे कोठून आणायचे, हा प्रश्न लोक विचारतील. नांदेडची श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ सालची आहे. लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन जिल्ह्यातच आहे. या व इतर संस्थांतून शिकून गेलेले मराठवाड्याचे मुलगे-मुली आज चाकण, हिंजवडी आणि त्यापलीकडेही कामाला आहेत. वेळ अमावस्येला त्यांतले पुष्कळ जण गावी येतात. भज्जी-आंबिलीसाठी शेतात जमतात. त्यांनी आणखी एक दिवस थांबावे आणि ज्या शाळेत आपण शिकलो तिच्या वर्गात मुलांसोबत जमिनीवर बसावे. त्यांच्याबरोबर गावातला मोटार वाइंडिंग करणारा, वायरमन, गवंडी आणि सुतारही वर्गात आला पाहिजे. अभियंता वर्षातून चार वेळा येईल. गवंडी रोज गावात आहे. आणि दोघांच्याही शेजारी शाळेच्या बाई किंवा गुरुजी बसलेच पाहिजेत. प्रत्येक प्रयोग आधी त्यांनी स्वतः करून पाहिलेला असावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो त्यांचा होईल.

याच तालुक्यात उजेड नावाचे गाव आहे. निजामाच्या राजवटीत त्याचे नाव हिसामाबाद होते. स्वातंत्र्यानंतर तेथील लोकांनी देवाच्या नव्हे तर महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरविण्यास सुरुवात केली, आणि ती आजही प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते. ज्या संग्रामातून हे स्वातंत्र्य आले त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून शिकवीत असत. शाळेतूनच राजवटीला आव्हान देणारी पिढी घडते, हे मराठवाड्याला नव्याने सांगावयास नको. त्या यात्रेत पाळण्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांशेजारी मुलांनीच मांडलेली प्रयोगांची जत्रा भरली, गावोगावच्या बियाण्यांचे व विहिरींचे आकडे फलकावर लागले, तर लोक ते वाचतील. एवढेच नव्हे, तर त्यावर भांडतीलही.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यंदा तीन कामे करावीत. पहिले, बाहेर गेलेल्या आपल्या अभियंत्यांची व गावातील कारागिरांची यादी करून ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. दुसरे, प्रयोगसाहित्य मुलांच्या वापरात फुटले तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असा ठराव पंचायत समितीकडून करून घ्यावा. तिसरे, विज्ञान शिक्षकांच्या रिक्त जागांचा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत नाव-गावासह मांडावा. पहिले काम केले आणि तिसरे सोडले तर आपण दानशूरांचे हमाल ठरू. तिसरे केले आणि पहिले सोडले तर आपल्या मागणीला मुलाचा चेहरा राहणार नाही. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. त्या दिवशी भाषणे न करता प्रत्येक गावी एका मुलाने एक प्रयोग आपल्या हाताने करून सरपंचांना समजावून सांगावा, एवढे झाले तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.